ओसरणारा पुरावा

दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यातला मुख्य पुरावा आरोपीच्या रक्तात असतो आणि तो दर तासाला कमी होत जातो. चोरीचा माल महिन्याभरानं सापडतो, खुनातलं हत्यार विहिरीचा गाळ उपसून काढता येतं, खोट्या दस्तावरची सही वीस वर्षांनीही तपासता येते. रक्तातली दारू कुणासाठी थांबत नाही. यकृत आपलं काम करत राहतं, १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या गतीनं तिचं प्रमाण उतरतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस वैद्यकीयदृष्ट्या स्वच्छ असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम १८५ आणि त्याच्या पाठोपाठची २०२ ते २०५ ही कलमं सलग वाचली, की लक्षात येतं की ती सगळी या एकाच अडचणीभोवती रचलेली आहेत. नुसत्या संशयावरून फुंकायला का लावतात? वॉरंटशिवाय अटक का? दोन तासांत वैद्यकीय तपासणीची अट कशासाठी? नकार देणाऱ्याच्या नकाराचाच पुरावा का होतो? कारण हातात वेळ नसतो.

म्हणून या पुस्तकाच्या तोंडाशी एक गोष्ट सांगून ठेवतो. हा कायदा सगळ्यात चोख चालतो तो नाक्यावर निमूटपणे गाडी थांबवणाऱ्या आणि कुणालाही खरचटलेलंसुद्धा नसलेल्या माणसाच्या बाबतीत. कुणाला तरी चिरडून पळून गेलेल्या माणसापुढे तो सगळ्यात लंगडा पडतो. पुढच्या प्रकरणांत कलमं येतील, निवाडे येतील, दंडाचे आकडे येतील. ते वाचताना हा विरोधाभास मनात असू द्यावा.

आधी कलम काय म्हणतं ते पाहू. १९३९ च्या जुन्या कायद्यात, कलम ११७ मध्ये, वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतक्या अमलाखाली असणं हा गुन्हा होता. म्हणजे माणूस झिंगला होता हे सरकार पक्षानं सिद्ध करायचं. १९८८ चा कायदा दुसऱ्या टोकाला गेला. रक्तात दारूचा अंश कितीही थोडा असला तरी गुन्हा, असं त्यानं ठरवलं. १९९४ च्या दुरुस्तीनं त्याला मोजमाप दिलं: श्वासचाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा पुरा. २०१९ च्या दुरुस्तीनं श्वासचाचणीच्या जोडीला प्रयोगशाळेतल्या तपासणीसह इतर चाचण्याही आणल्या, दंड वाढवले, पण ३० चा आकडा तसाच ठेवला.

या आकड्यानं एक मोठा वाद निकालात काढला आहे आणि तो निकाल लोकांना अजून पचलेला नाही. ‘साहेब, मी पूर्ण शुद्धीत आहे, सरळ रेषेत चालून दाखवतो’ हे वाक्य प्रत्येक नाक्यावर ऐकू येतं. सरळ रेषेचा कायद्याशी संबंध राहिलेला नाही. गाडी नागमोडी चालली होती का, सिग्नल तोडला होता का, बोलणं अडखळत होतं का, हे प्रश्न दुय्यम आहेत. आकडा ओलांडला की गुन्हा घडला. सवयीचा पिणारा ८० वर असूनही खणखणीत बोलू शकतो आणि क्वचित घेणाऱ्याची ३५ वरच जीभ जड होते. कायद्याच्या लेखी दोघंही सारखेच दोषी. अमली पदार्थांचं मात्र उलटं आहे. तिथे आकडा नाही, ताबा ठेवता न येण्याची जुनी कसोटीच लागू आहे, आणि त्यामुळे गांजा ओढून गाडी चालवणाऱ्यावर खटला उभा करणं पुष्कळ अवघड जातं.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेक जण चुकीच्या उत्तरावर विसंबून स्टिअरिंगला बसतात. ढोबळ हिशेब असा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यानं २० मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते. लार्ज घेतला की चाळीस, म्हणजे मर्यादा गेली. पंचावन्न किलोच्या बाईला छोटा पेगही मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतो, कारण शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असतं. साडेसहाशे मिलिलिटरची साधी बिअर पन्नाशी गाठते. स्ट्राँग असेल तर ऐंशीच्या पुढे. पोट रिकामं आहे की भरलेलं, किती वेळात घेतली, यावर हे सगळं मागेपुढे होतं. पण ‘दोन पेगनं काय होतंय’ या वाक्याला यातला कुठलाच हिशेब साथ देत नाही.

क्वार्टरचा हिशेब तर आणखी बोलका आहे. १८० मिलिलिटर संपवलेल्या त्याच सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात सव्वाशेच्या आसपास अल्कोहोल असतं. मध्यरात्री बाटली संपली, जेवण झालं, झोप झाली. पहाटे सहाला कामावर जायला निघालेला हा माणूस, त्याच्या मते काल रात्री प्यायलेला, अजून ३० च्या वर असू शकतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी डोळे उघडतात, यकृताचा वेग वाढत नाही. शाळेच्या बसच्या आणि एसटीच्या चालकांकडून ड्यूटीच्या आधी फुंकवून घेण्याचं कारण हेच आहे.

आता नाका. गटारी, धुळवड आणि ३१ डिसेंबर हे नाकाबंदीचे ठरलेले दिवस. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तळीरामांना दणका बसल्याच्या बातम्या येतात, काहीशा खुशीच्या सुरात. त्या सुराचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. मुंबई वाहतूक पोलिसांनी ही मोहीम नेमानं सुरू केली ती २००७ च्या जूनमध्ये, आणि त्यामागे थट्टेचं काहीही नव्हतं. त्याबद्दल पुढे.

कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी, सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्या किंवा चालवायच्या प्रयत्नात असलेल्या माणसाला, रास्त संशय आला तर फुंकायला लावू शकतो. ‘प्रयत्नात असलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बारच्या बाहेर चावी फिरवून गाडी काढू पाहणारा यात सापडतो. यंत्र श्वासातलं प्रमाण मोजतं आणि श्वास व रक्त यांचं एकास २१०० असं ठरलेलं गुणोत्तर लावून रक्तातला आकडा दाखवतं. यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावर वेळ, आकडा आणि सह्या असतात. ही चिठ्ठी पुरावा म्हणून ग्राह्य आहे, असं कलमच सांगतं. बचावाचे वकील मग यंत्राकडे वळतात: कॅलिब्रेशन कधी झालं, प्रमाणपत्र कुठे आहे, तोंडात नुकत्याच घेतलेल्या घोटाचा किंवा माउथवॉशचा अंश होता का, फुंकण्याआधी काही मिनिटं थांबला होतात का. हे प्रश्न बिनबुडाचे नाहीत. दारूची वाफ तोंडात साधारण पंधरा मिनिटं राहते आणि तेवढ्यात फुंकलं तर आकडा फुगतो.

श्वासात दारू निघाली किंवा माणसानं फुंकायलाच नकार दिला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. तो रुग्णालयात दाखल असेल तर नाही. त्यानंतर कलम २०४ प्रमाणे डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष, तर नमुना घेताना दुसरी स्त्री हजर हवी. आणि कलम २०२ ची ती अट: अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाही तर माणसाला सोडलं पाहिजे. मध्यरात्री दीड वाजता पकडलेल्या माणसाला घेऊन हवालदार सरकारी रुग्णालयात जातो, तिथे एकच ड्यूटी डॉक्टर असतो, समोर सर्पदंशाचा रुग्ण असतो. दोन तास कागदावर भरपूर वाटतात. तालुक्याच्या ठिकाणी ते कसे निसटतात, हे ज्यानं अशी रात्र पाहिली आहे त्याला सांगायला नको.

‘फुंकलंच नाही तर काय सिद्ध करणार?’ हा सल्ला मित्रमंडळींत फार चालतो. कलम २०५ त्यासाठीच आहे. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी परिस्थिती मानता येतो. अर्थात, बळ देण्यासाठी आधी दुसरा काही पुरावा हवा. १९७१ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या बच्चूभाई करियानी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की तोंडाला वास येत होता, तोल जात होता, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून माणूस प्यायला होता असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. पन्नास वर्षं हा निवाडा बचावाच्या हाती आहे. फुंकणीचं यंत्र आलं ते त्यानंतर.

महाराष्ट्रात या सगळ्याखाली आणखी एक जुना थर आहे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे आणि त्याप्रमाणे इथे प्यायला परवाना लागतो. बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी वयाची २१ वर्षं, कडक मद्यासाठी २५. बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो परवाना असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कायद्यात रक्तातल्या अल्कोहोलचा वेगळाच आकडा आहे, ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम. तेवढं आढळलं की आपण बेकायदा दारू घेतली नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. वर्धा किंवा गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात पकडलेल्या चालकावर दोन्ही कायद्यांचा बडगा येऊ शकतो.

पकडल्यानंतरचा सर्वांत सार्वत्रिक गैरसमज असा, की हे इतर चलानांसारखंच एक चलान आहे, मोबाइलवर भरून टाकायचं. हेल्मेट, सीटबेल्ट, सिग्नल यांचे गुन्हे तडजोडीनं मिटतात, कारण कलम २०० ची तशी यादी आहे. १८५ त्या यादीत नाही. इथे दंडाधिकाऱ्यांपुढे जातीनं उभं राहावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे रात्री सुटका होते, पण तारीख लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि पुढच्या गुन्ह्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार किंवा दोन्ही. २०१९ च्या आधी हे आकडे दोन हजारांपर्यंत आणि तीन हजारांपर्यंत होते, आणि दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा होती. ती तीन वर्षांची सवलत आता गेली. पंचविसाव्या वर्षी भरलेला दंड पन्नासाव्या वर्षी आडवा येऊ शकतो.

न्यायालयात काय होतं? बहुतेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि दुपारी कामावर जातात. काही न्यायालयं सोबत कामकाज संपेपर्यंत कैद सुनावतात. मग संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. सोपं वाटतं. पण कबुली दिली की दोषसिद्धी झाली आणि ती नोंद कायमची राहिली, हे त्या घाईत कुणी समजावून सांगत नाही. कबुली द्यावी की खटला लढवावा, हा ज्याच्या त्याच्या पुराव्याचा प्रश्न आहे. ती देताना आपण काय देतोय हे माहीत असावं, एवढ्यासाठी या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे.

लायसन्सची वाट वेगळी. २०१९ पासून कलम २०६ मध्ये भर पडली आणि १८५ चा गुन्हा घडल्याचं मानायला कारण असेल तर पोलिसानं लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं ठरलं. तिथे म्हणणं मांडायची संधी मिळते. अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही तर पहिल्या वेळी तीन महिने लायसन्स बाद, पुढच्या वेळी रद्द. तीन महिन्यांनी ते परत मिळवायलाही उजळणीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. न्यायालयात दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर कलम २२ प्रमाणे न्यायालयच लायसन्स रद्द करतं. टॅक्सीवाल्याला, ट्रकवाल्याला, डिलिव्हरीवर पोट असलेल्या मुलाला दहा हजारांपेक्षा हे तीन महिने महाग पडतात.

आणि एक कलम असं आहे की जे मित्रांच्या टोळक्यात मोठ्यानं वाचून दाखवावं. कलम १८८: १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. प्यायलेल्या दोस्ताच्या हातात चावी देणारा, ‘काही होत नाही, तू चालव’ म्हणणारा यात येऊ शकतो. अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

शिक्षेच्या तक्त्यात नसलेले परिणाम मात्र लांबवर जातात. विम्याचंच घ्या. स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईतून अमलाखाली चालवलेली गाडी पॉलिसी वगळते. दिल्लीत २००७ च्या डिसेंबरमध्ये इंडिया गेटजवळ एक पोर्शा गाडी फुटपाथवर आदळून जळाली. चालकाची श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नव्हती. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निवाड्यात, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीची बाजू उचलून धरली. पहाटेचा मोकळा रस्ता, तोंडाला येणारा वास, अपघाताची तऱ्हा, एवढ्यावरून अंमल होता हे मानायला दिवाणी प्रकरणात जागा आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे फौजदारी खटल्यात निसटलेला पुरावा विम्याच्या दाव्यात निसटत नाही. समोरच्या जखमीला किंवा मृताच्या वारसांना मात्र न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीकडून पैसे द्यायला लावतं आणि ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. अशा वसुलीत राहतं घर गेल्याचं मालकाला कळतं तेव्हा दहा हजारांचा दंड विसरलेला असतो.

नोकरीत तर शिक्षेपेक्षा लपवाछपवी घातक ठरते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन अर्जात फौजदारी प्रकरणांचा रकाना असतो. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा दडवादडवीची तत्त्वं घालून दिली. किरकोळ गुन्हा असेल तर मालकाला सोडून देता येतं, पण माहिती खरी दिली पाहिजे. चालकाच्या नोकरीत असलेल्यांबाबत न्यायालयं आणखी कडक आहेत. उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलीस दलाच्या एका चालकानं कुंभमेळ्याच्या बंदोबस्तावरच्या जवानांचा ट्रक प्यायलेल्या अवस्थेत जीपवर घातला. कुणी मेलं नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली, तीही त्याची पंचवीस वर्षांची सेवा पाहून. प्राणहानी झाली नाही हे नशीब, पण त्यामुळे गैरवर्तन हलकं ठरत नाही, असं बजावून.

अमेरिकेत कामाला गेलेल्या मराठी मुलामुलींसाठी एक परिच्छेद. तिथली मर्यादा बहुतेक राज्यांत ८० मिलिग्रॅमच्या हिशेबात, यूटात ५०, म्हणजे आपल्यापेक्षा सैल. पण परिणाम आपल्यापेक्षा कडक. दोष सिद्ध व्हायची वाट न पाहता, नुसत्या अटकेवरून अमेरिकी परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, आणि २०१५ पासून ते तसं नेमानं करतं. तिथलं राहणं लगेच बेकायदा होत नाही. पण आईच्या आजारपणासाठी पुण्याला आलेल्या मुलाला परतताना नव्यानं अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि अनिश्चित थांबणं नशिबी येतं.

इथपर्यंत मी त्या माणसाबद्दल बोललो ज्याच्या गाडीखाली कुणी आलं नाही. कुणी आलं की १८५ मागे पडतं आणि प्रश्न बदलतो. हे निष्काळजीपणानं झालेलं मरण, की सदोष मनुष्यवध? जुन्या दंडसंहितेत पहिल्याला, ३०४अ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षं होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, १ जुलै २०२४ पासून, पाच. दुसऱ्याला, म्हणजे जुन्या ३०४ ला आणि आताच्या १०५ ला, दहा वर्षं आणि त्याहून पुढे. पहिला गुन्हा जामीनपात्र, दुसरा नाही. या दोहोंतली भिंत ‘जाणीव’ या एका मुद्द्यावर उभी आहे: आपल्या कृत्यानं कुणी मरू शकतं याची जाणीव आरोपीला होती का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर कार्टर रोडवर लिहिलं गेलं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या त्या रस्त्यावर, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक कोरोला गाडी चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. रस्त्याच्याच कामावर आलेली ही माणसं होती. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयानं २००७ मध्ये ३०४अ खाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. शहर संतापलं. मघाशी सांगितलेली जूनमधली मोहीम त्याच वर्षीची. सप्टेंबर २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गुन्हा ३०४ च्या दुसऱ्या भागात नेला आणि तीन वर्षं दिली. अ‍ॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात, जानेवारी २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं आणि ही शिक्षा अपुरी असल्याचंही नोंदवलं. पण राज्यानं वाढीसाठी अपील केलेलं नव्हतं. त्याच वर्षी दिल्लीच्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणातही सहा मृत्यूंसाठी सदोष मनुष्यवधच धरला गेला. तिथे शिक्षा मात्र आधी भोगलेल्या कैदेवर, ५० लाख रुपयांवर आणि समाजसेवेवर थांबली.

कार्टर रोडला आरोपी जागेवर सापडला, रक्त वेळेत घेतलं गेलं, म्हणून आकडा मिळाला. हिल रोडच्या २८ सप्टेंबर २००२ च्या प्रकरणात, ज्यात अभिनेता सलमान खान आरोपी होता, एकाचा मृत्यू झाला आणि चौघं जखमी झाले. रक्त काही तासांनी घेतलं गेलं, ०.०६२ टक्के असा अहवाल आला. २०१५ च्या मे महिन्यात सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. गाडी तोच चालवत होता आणि तो अमलाखाली होता, हे निःसंशय सिद्ध झालं नाही. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवर न्यायालयानं बोट ठेवलं. निकालाशी सहमत असा किंवा नसा, नमुना घेण्याची वेळ, बाटलीवरचं सील आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंद किती वजनाची असते, हे त्यातून शिकावं.

पुण्याच्या कल्याणीनगरचं १९ मे २०२४ चं प्रकरण सगळ्यांच्या आठवणीत आहे. दोन तरुण अभियंते ठार झाले, चालक सतरा वर्षांचा होता, बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर गहजब झाला. माझ्या मते त्या निबंधानं खऱ्या मुद्द्यावरचं लक्ष उडवलं. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा, रक्त घेतलं गेलं ते कित्येक तासांनी, आणि ससूनमध्ये तो नमुनाच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. दोन डॉक्टरांना त्यावरून अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळेना तेव्हा हे उघडकीला आलं, असं पोलिसांचं म्हणणं. खटला चालू आहे. मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची मागणी मंडळानं २०२५ च्या जुलैमध्ये फेटाळली. आरोप खरे ठरोत वा खोटे, कुणाला तरी रक्ताची ती बाटली इतकी मोलाची वाटू शकते याचं कारण हेच, की सगळा खटला तिच्यात असतो.

त्यानंतर दीड महिन्यानं वरळीत एका गाडीनं स्कूटरवरच्या दांपत्याला उडवलं, बाईचा जीव गेला, चालक पळाला आणि दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्तात काय मिळणार? अशा वेळी बारचं बिल, सीसीटीव्ही आणि सोबत्यांचे जबाब यांवरून खटला रचावा लागतो.

पळण्याची शिक्षा काय? कलम १३४ चालकाला जखमीला मदत करायला सांगतं आणि घटनेची खबर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, पोलिसांना द्यायला सांगतं. चोवीस तासांत अर्धी बाटली रिचवलेला माणूसही बहुधा ३० च्या खाली येतो. आणि हे कलम मोडलं तर? कलम १८७ प्रमाणे पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. थांबून फुंकणाऱ्याला दहा हजार, पळणाऱ्याला पाच. कायदा मुद्दाम असा केला असेल असं मी म्हणत नाही. दोन कलमं वेगवेगळ्या हेतूंनी लिहिली गेली. पण मध्यरात्री रस्त्यावर कुणाला तरी पाडून भेदरलेल्या माणसापुढे ती शेजारी शेजारी येतात.

ही फट बुजवायचा एक प्रयत्न झाला आहे. न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, निष्काळजी वाहन चालवून कुणाचा जीव घेतला आणि लगेच पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या ट्रकचालकांनी स्टिअरिंग सोडलं. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं: थांबलो तर जमाव ठेचून मारतो, पळालो तर दहा वर्षं. सरकारनं माघार घेतली आणि १ जुलैला संहिता लागू करताना एवढं एक पोटकलम बाजूला ठेवलं. हे लिहीपर्यंत ते तसंच आहे. लागू झालं, तर या पुस्तकातलं पळून जाणाऱ्यांवरचं प्रकरण नव्यानं लिहावं लागेल. तोवर तिथे १३४ आणि १८७ हीच दोन कलमं वाचायला मिळतील.